स्वयंपाकघराचे माप

जुन्या घराची डागडुजी निघाली म्हणजे प्रथम लक्ष जाते ते छपराकडे, मग ओसरीकडे आणि मग दिवाणखान्याकडे. स्वयंपाकघराची पाळी बहुधा शेवटी येते. तीही पुष्कळदा एखादे लग्नकार्य तोंडावर आले म्हणजे. सुतार येतो, भिंतींची लांबीरुंदी घेतो, कपाटे किती बसतील आणि लाकूड किती लागेल याचा हिशेब सांगतो व निघून जातो. या मोजमापात एक गोष्ट सहसा सुटते. ज्या बाईला त्या कपाटांतून दिवसभर डबे काढावयाचे आणि ठेवावयाचे असतात तिची उंची, तिच्या हाताची पोच आणि तिच्या कामाचा क्रम यांची नोंद त्या सुताराच्या कागदावर नसते.

स्वयंपाकघरातील बसत्या कपाटांचा इतिहास हा एका अर्थी या सुटलेल्या मापाचाच इतिहास आहे. तो दीडशेहून अधिक वर्षांचा असून त्याची बरीच पाने अमेरिकेत आणि जर्मनीत लिहिली गेली. परंतु जुने घर नवे करावयास निघालेल्या कोणत्याही कुटुंबाला त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

आरंभ आपल्याकडील जुन्या घरापासूनच करणे योग्य होईल. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील वाड्यांत काय किंवा बेळगावकडील चौसोपी घरांत काय, सामान ठेवण्याची सोय नव्हती असे म्हणणे चुकीचे आहे. जाड भिंतींच्या पोटात फडताळे असत, लहानसहान जिनसांसाठी कोनाडे असत, भांड्यांसाठी मांडणी असे, मडक्यांची उतरंड असे आणि दूधदही मांजरापासून राखण्यासाठी आढ्याला शिंके टांगलेले असे. वर्षाचे धान्य कोठीच्या खोलीत राही. चुलीला लागून वैल आणि मागे भाणवस असल्यामुळे शिजलेले अन्न उबेला राही. ही सारी व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती आणि तिला एक निश्चित माप होते. ते माप म्हणजे बसलेल्या माणसाचा हात. स्वयंपाक बसून होई, विळीवर भाजी बसून चिरली जाई, पाट्यावर वाटण बसून होई आणि जेवणारेही पाटावर बसत. म्हणून रोजच्या वापरातील तिखटमिठाचा डबा आणि तेलाचे भांडे जमिनीपासून हातभर उंचीच्या आत असे.

या व्यवस्थेचे दोषही तितकेच खरे होते. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर हे सर्वांत आतले, सर्वांत अंधारे आणि सर्वांत धुरकट दालन असे. पाणी विहिरीवरून यावयाचे, भांडी परसात घासावयाची आणि धान्य दुसऱ्या टोकाच्या कोठीतून आणावयाचे. या तीन फेऱ्यांत किती पावले पडत याचा हिशेब कोणी केला नाही, कारण ती पावले ज्यांची होती त्यांच्या वेळेला मोल आहे असे कोणाला वाटत नव्हते. सोवळ्याच्या नियमांनी कोणी कोठे पाऊल टाकावयाचे आणि कोणी टाकावयाचे नाही हेही ठरविलेले होते. शिवाय फडताळ आणि कोठी ही खातेपिते घर असल्याची खूण होती. मजुराच्या वा कुळाच्या एकखणी घरात एक चूल, चार मडकी आणि एक खुंटी एवढाच संसार असे.

पावलांचा हा हिशेब करावा असे ज्यांना प्रथम वाटले त्यांत कॅथरीन बीचर या अमेरिकन शिक्षिकेचे नाव अग्रभागी येते. त्यांचा जन्म १८०० सालचा. त्यांच्या धाकट्या भगिनी हॅरिएट बीचर स्टो या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाल्या. कॅथरीनबाईंनी १८४१ साली गृहव्यवस्थेवर एक पाठ्यग्रंथ लिहिला आणि १८६९ साली दोघी बहिणींनी मिळून ‘द अमेरिकन वूमन्स होम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातील स्वयंपाकघराचा आराखडा आजही वाचणाऱ्याला चकित करतो.

त्या काळच्या अमेरिकन घरातील स्वयंपाकघर मोठे आणि विस्कळीत असे. मध्ये टेबल, एका भिंतीशी शेगडी, दुसऱ्या भिंतीशी भांड्यांचे कपाट, पिठामिठाची खोली निराळी आणि तळघर त्याहून दूर. बीचरबाईंनी या मांडणीशी आगबोटीवरील भटारखान्याची तुलना केली. आगबोटीवरचा आचारी अत्यंत चिंचोळ्या जागेत शेकडो माणसांचा स्वयंपाक करतो. त्याला हवी असलेली प्रत्येक वस्तू दोनचार पावलांत मिळते. मग घरातील बाईनेच दिवसभर मैलभर का चालावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सुचविलेल्या स्वयंपाकघरात पिठाचे पिंप बरोबर मावेल एवढेच कपाट होते. वरचे झाकण उचलले की पीठ हाताशी येई आणि शेजारीच कणीक मळण्याची फळी होती. त्या फळीची एक बाजू पाव मळण्यासाठी आणि दुसरी भाजी व मांस चिरण्यासाठी होती. पुढे खिडकी होती, म्हणजे उजेड थेट हातावर पडे. मोरीवर दोन हातपंप होते, एक विहिरीच्या पाण्याचा आणि एक साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा. भांडी निथळण्याची फळी बिजागरीवर बसविलेली होती. शेगडीची जागा काचेच्या सरकत्या दारांनी वेगळी केलेली असल्यामुळे उष्णता आणि वास कामाच्या जागेत येत नसे.

या सर्व वस्तू गावच्या सुताराने करावयाच्या होत्या. कारखान्यातून तयार येणारे असे त्यात काही नव्हते. घर पाहून, काम पाहून आणि वस्तू पाहून कपाट बेतावयाचे, हे या आराखड्याचे सूत्र होते. बीचरबाई काही बंडखोर नव्हत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा या चळवळीला त्यांचा विरोध होता आणि गृह हेच स्त्रीचे क्षेत्र असे त्या मानीत. परंतु त्या क्षेत्रात राबून स्त्रियांची प्रकृती मोडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नोकर मिळत नाहीत आणि काम तर सरत नाही, अशा घरासाठी त्या लिहीत होत्या.

यानंतर तीस वर्षांनी हीच कल्पना बाजारात आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंडियाना संस्थानातील ‘हूझियर’ कंपनीने एक उभे कपाट तयार केले. त्यात पिठाचा डबा आणि त्याला खालून चाळणी होती, साखरेचा डबा होता, मसाल्याच्या बरण्यांसाठी फळ्या होत्या आणि मध्ये पुढे ओढून काढता येणारा कामाचा पाट होता. अशी कपाटे पुढील दोन दशकांत लाखोंनी खपली. ती हप्त्यांनी मिळत, ही एक सोय होती. त्याहून मोठी सोय ही की, जुन्या घराची एकही भिंत न फोडता ते कपाट आणून ठेवता येत असे. ज्या घरात एकही बसते कपाट नव्हते त्या घरात ते एकटे कपाट म्हणजे एक छोटे स्वयंपाकघरच होते. पण येथे एक बदल नकळत घडला. बीचरबाईंचे कपाट घराच्या मापाचे होते, हूझियरचे कपाट कारखान्याच्या मापाचे होते. उंच बाई आणि ठेंगणी बाई, दोघींना त्या एकाच पाटावर कणीक मळावी लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कार्यक्षमतेचे वारे वाहू लागले होते. फ्रेडरिक टेलर याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ साली निघाला. हातात घड्याळ घेऊन कामगाराची प्रत्येक हालचाल मोजावयाची आणि निरर्थक हालचाल गाळावयाची, ही त्याची पद्धती. क्रिस्टीन फ्रेडरिक या गृहिणीने पतीच्या धंद्यातील ओळखींमुळे ही चर्चा घरी बसून ऐकली आणि जे कारखान्यात चालते ते स्वयंपाकघरात का चालू नये, असा विचार केला. १९१२ साली ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात त्यांची लेखमाला आली. त्यांनी स्वयंपाकघराचे दोन नकाशे शेजारीशेजारी दिले. एकात शेगडी, टेबल, मोरी आणि कपाट मनास येईल तसे ठेवलेले, तर दुसऱ्यात कामाच्या क्रमाने. पहिल्या नकाशात बाईच्या चालण्याच्या रेषा कोळ्याच्या जाळ्यासारख्या गुंतलेल्या दिसत. दुसऱ्यात त्या सरळ आणि थोड्या होत्या. कामाच्या पाटाची उंची काम करणारीच्या उंचीवरून ठरवावी, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले.

लिलियन गिल्ब्रेथ यांनी हे काम अधिक शास्त्रीय पायावर नेले. त्या मानसशास्त्राच्या पंडिता आणि उद्योगातील हालचालींच्या अभ्यासक होत्या. १९२४ साली पती वारले तेव्हा घरात अकरा मुले होती आणि कारखानदार एका विधवेला सल्ल्याचे काम देण्यास कचरत होते. तेव्हा स्वयंपाकघर हे एक असे क्षेत्र होते की जेथे स्त्रीचे ज्ञान मान्य होण्यास अडचण नव्हती. १९२९ साली ब्रुकलिनमधील एका गॅस कंपनीसाठी त्यांनी एक आदर्श स्वयंपाकघर आखले. एका प्रयोगात स्ट्रॉबेरीचा एक गोड पदार्थ जुन्या पद्धतीच्या आणि नव्या पद्धतीच्या अशा दोन्ही स्वयंपाकघरांत करून पाहण्यात आला. जुन्यात २८१ पावले पडली, नव्यात ४५. गंमत अशी की, गिल्ब्रेथबाई स्वतः स्वयंपाकात मुळीच रमणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या घरचा स्वयंपाक दुसरे करीत. परंतु आपल्याला ठाऊक नाही हे त्या जाणून होत्या. म्हणूनच पुढे शेगडीची आणि मोरीची योग्य उंची ठरविताना त्यांनी हजारो स्त्रियांना प्रश्न विचारले.

या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध स्वयंपाकघर मात्र जर्मनीत झाले. पहिल्या महायुद्धानंतर तेथील शहरांत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफुर्ट नगरपालिकेने १९२५ साली अर्न्स्ट माय या वास्तुशिल्पज्ञाकडे नवी वसाहत उभारण्याचे काम सोपविले. त्याने व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोट्स्की या तरुण वास्तुशिल्पज्ञ स्त्रीला बोलावून घेतले. विवाहानंतर त्या शुट्टे-लिहोट्स्की या नावाने ओळखल्या गेल्या. १९२६ साली त्यांनी आखलेले स्वयंपाकघर ‘फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर’ म्हणून जगभर गेले.

ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, म्हणजे सव्वासहा फूट आणि अकरा फूट. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातील स्वयंपाकाची खोली हा त्याचा नमुना होता. क्रिस्टीन फ्रेडरिक यांच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर आधीच निघालेले होते आणि लिहोट्स्कीबाईंनी त्याचा अभ्यास केला होता. खिडकीखाली कामाचा पाट आणि त्याला असलेल्या खणात कचरा लोटण्याची सोय. बसून काम करता यावे म्हणून फिरते स्टूल. छतावरील पट्टीवर मागेपुढे सरकणारा दिवा. भिंतीला दुमडून ठेवता येणारी इस्त्रीची फळी. भांडी आपोआप निथळतील असे फळ्यांचे कपाट. आणि तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ओतण्याची चोच असलेले ॲल्युमिनियमचे लहान खण, ज्यांवर जिन्नसाचे नाव कोरलेले. पीठ मात्र ओक लाकडाच्या खणात ठेवावयाचे, कारण त्या लाकडाच्या तुरटपणामुळे पिठात किडे होत नाहीत असा अनुभव होता. चिरण्याचे पाट बीच लाकडाचे, कारण त्यावर डाग आणि सुरीचे ओरखडे कमी पडतात. कपाटांना निळसर हिरवा रंग दिलेला होता, कारण निळ्या रंगावर माशा बसत नाहीत असे तेव्हा मानीत. अशी जवळजवळ १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. कपाटांचा खर्च घराच्या बांधणीतच धरलेला असून तो भाड्यातून वसूल होई, त्यामुळे कामगाराच्या घरातही बसते कपाट आले. ज्या सोयी पूर्वी श्रीमंताला सुतार लावून करून घ्याव्या लागत त्या सामान्य भाडेकऱ्याला मिळाल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही रहावयास आलेल्या बायकांच्या तक्रारी होत्या, आणि त्या ऐकण्याजोग्या आहेत. खोली इतकी अरुंद होती की तेथे दोघींना मिळून काम करता येत नसे. पूर्वी कामगारांच्या घरात स्वयंपाकाची खोली हीच बसण्याउठण्याची खोली असे. बाई काम करी आणि मुले तेथेच खेळत. आता मुले सरकत्या दाराच्या पलीकडे आणि आई अलीकडे. दार उघडे ठेवून मुलांवर नजर ठेवता यावी अशी योजना होती, पण नजर ठेवणे आणि जवळ असणे यांत अंतर आहे. ॲल्युमिनियमचे खण खाली असल्यामुळे ते लहान मुलांच्या हाती लागत. ज्या खणावर एका जिन्नसाचे नाव होते त्यात लोक दुसराच जिन्नस भरीत, कारण प्रत्येक घरात तेच खातात असे थोडेच आहे? विजेची शेगडी होती तेथे तिचा खर्च परवडत नसे.

लिहोट्स्कीबाईंनी पुढे वृद्धपणी मोकळेपणाने सांगितले की, ते स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी घर चालविले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता. त्यांचे सामर्थ्य निरीक्षणात आणि सहानुभूतीत होते. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरचे काम लवकर आटोपता यावे हा त्यांचा हेतू होता, केवळ कपाटांची शोभा नव्हे. या बाईंचे धैर्यही असामान्य होते. हिटलरच्या राजवटीविरुद्धच्या गुप्त कार्यासाठी त्या १९४० साली व्हिएन्नास परतल्या, जानेवारी १९४१ मध्ये पकडल्या गेल्या आणि १५ वर्षांची शिक्षा भोगत असता १९४५ साली अमेरिकन सैन्याने त्यांची सुटका केली. १०३ व्या वाढदिवसास पाच दिवस उरले असता, १८ जानेवारी २००० रोजी, त्या निवर्तल्या. त्यांच्या आराखड्यात जे उणे राहिले ते हेतूचे उणे नव्हते. एकच माप दहा हजार घरांना लावावे लागले, याचे ते उणे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या मापांचे प्रमाणीकरण झाले. स्वीडनमध्ये १९४४ साली गृहसंशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. तेथे बायकांच्या हालचाली मोजून कपाटांची खोली आणि उंची ठरविण्याचे काम झाले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासकांनी शेगडी, मोरी आणि अन्न साठविण्याचे कपाट यांना जोडणाऱ्या त्रिकोणाचा नियम सांगितला. या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज साधारणपणे १२ फुटांहून कमी आणि २६ फुटांहून अधिक असू नये, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत ओट्याची उंची ३६ इंच हे प्रमाण रूढ झाले. कारखान्यांना या प्रमाणांमुळे सोपे झाले, कपाटे स्वस्त झाली. परंतु ३६ इंचांचा ओटा पाच फुटांहून कमी उंचीच्या बाईला उंच पडतो. तिला कणीक तिंबताना खांदे उचलावे लागतात. आणि जुन्या घरात तर आणखी एक अडचण येते. तेथे भिंती ओळंब्यात नसतात, कोपरे काटकोनात नसतात, खिडकी भलत्याच उंचीवर असते. प्रमाणित कपाट तेथे बसविले की कोठे चार बोटे फट राहते, कोठे एखादा कोपरा कायमचा वाया जातो. म्हणून कारखाने एवढे वाढूनही घराच्या मापाची कपाटे करणारा सुतार कोणत्याही देशात नाहीसा झाला नाही.

फ्रँकफुर्टच्या त्या प्रसिद्ध स्वयंपाकघरांचे पुढे काय झाले, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. चाळीसपन्नास वर्षांनी ती घरेही जुनी झाली. त्यांची डागडुजी निघाली आणि बहुतेक ठिकाणी ती कपाटे उखडून फेकून देण्यात आली. जी थोडी वाचली ती आज वस्तुसंग्रहालयांत आहेत. त्यांपैकी एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २००९ साली मिळविले. एका पिढीची सोय दुसऱ्या पिढीला अडगळ वाटते आणि तिसरी पिढी तिच्यासाठी संग्रहालयाचे तिकीट काढते.

भारतात या प्रश्नाला एक वेगळी बाजू होती आणि ती म्हणजे धूर. कपाट कितीही सोयीचे असले तरी धुराने भरलेल्या खोलीत त्याचा उपयोग काय? १९४७ साली वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल निघाली. पन्नाशीच्या आरंभी हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधनशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल तयार केली आणि त्या विषयावर त्यांची पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध झाली. मातीच्या त्या चुलीत एकाच जाळावर दोनतीन भांडी तापत आणि धूर धुराड्याने बाहेर जाई. गरीब घरालाही परवडेल अशा साधनांनीच ती करावयाची होती. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. लक्षावधी चुली बसल्या, पण त्यांतील पुष्कळ लवकरच बंद पडल्या. कोठे भाकरीचा तवा त्यावर नीट बसत नसे, कोठे घरातले भांडे भोकाला मोठे पडे, कोठे धुराडे साफ करणे कोणाला शिकविलेले नसे. फ्रँकफुर्टच्या नाव कोरलेल्या खणांत लोकांनी भलताच जिन्नस भरला, त्याचेच हे भारतीय रूप होय.

गॅस आला तसा शहरातील स्वयंपाक जमिनीवरून उठला. १९६५ साली इंडियन ऑइलने कलकत्त्यात ‘इंडेन’ गॅस देण्यास आरंभ केला आणि पुढील काही दशकांत ओटा हा मध्यमवर्गीय घराचा भाग झाला. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. हंसाबेन मेहता तेव्हा तेथे कुलगुरू होत्या. घर चालविणे हा अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट त्यामुळे विद्यापीठाच्या पातळीवर मान्य झाली.

पण ओट्याबरोबर एक गोंधळही घरात आला, आणि जुन्या घरात तो विशेष जाणवतो. बाई उभी राहिली, पण फडताळे आणि कोनाडे जेथल्या तेथेच राहिले. बसलेल्या हाताला जी फळी सोयीची होती तिच्यासाठी उभ्या बाईला कंबरेत वाकावे लागू लागले. उलट ओट्याच्या वर, पार आढ्यापर्यंत, जी नवी कपाटे केली गेली त्यांतील वरच्या खणांना स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचेना. वयस्क सासूबाईंची गुडघेदुखी आणि सूनबाईंची पाठदुखी यांचे मूळ पुष्कळदा या अर्धवट बदलात असते. बसण्याचे माप गेले आणि उभे राहण्याचे माप कोणी घेतले नाही.

या सर्व इतिहासातून जुन्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण करणाऱ्याला काही साध्या गोष्टी मिळतात. ओट्याची उंची काम करणारीच्या कोपरापासून मोजावी. कोपराच्या चारसहा बोटे खाली हात पडला तर चिरण्याकांडण्यास श्रम कमी पडतात. कणीक तिंबण्याची जागा त्याहूनही थोडी खाली असावी. रोजचे डबे गुडघ्याच्या वर आणि डोळ्यांच्या खाली असावेत. त्याखालची आणि त्यावरची जागा सणावारांच्या भांड्यांना द्यावी. खालच्या कपाटात खोल फळ्यांपेक्षा ओढावयाचे खण बरे, कारण मागच्या डब्यासाठी पुढचे चार डबे बाहेर काढावे लागत नाहीत. जो जिन्नस जेथे लागतो तो तेथेच असावा: पीठ पोळपाटाजवळ, चहासाखर शेगडीजवळ, ताटवाट्या मोरीजवळ. जुने फडताळ भक्कम असेल तर ते बुजवू नये. जाड भिंतीतले फडताळ थंड राहते आणि जमिनीवरची तसूभरही जागा अडवीत नाही. त्याला नवे दार आणि एकदोन अधिक फळ्या पुरतात. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर सांगितली आहे, म्हणजे फ्रँकफुर्टच्या खोलीहूनही थोडी कमी. किमान म्हणजे पुरेसे नव्हे, हे तेथील बायकांच्या तक्रारींनी दाखविले आहे. घरातील दुसरे माणूस, मग तो मुलगा असो वा नवरा, मदतीला आले तर त्याला उभे राहण्यास जागा असावी. ज्या खोलीत एकच माणूस मावतो त्या खोलीतील काम एकाच माणसाच्या वाट्याला येते.

या यादीतील प्रत्येक गोष्ट मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे. सुतार येईल त्या दिवशी चर्चा दिवाणखान्यात होऊ नये. ती स्वयंपाकघरात व्हावी आणि तेथे काम करणारीने आधी आठ दिवस आपला क्रम मनाशी टिपून ठेवावा: किती वेळा वाकावे लागले, किती वेळा चढावे लागले, कोणत्या डब्यासाठी खोली ओलांडावी लागली. गिल्ब्रेथबाईंनी हजारोंना विचारून जे मिळविले ते घरच्या एका बाईला विचारून त्या घरापुरते मिळू शकते. मग तिने ओट्यापुढे उभे राहावे, हात सहज वर करावा आणि सुताराने तेथे भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. त्या खुणेच्या वर रोजचा एकही डबा जाऊ देऊ नये.